फुलीचा मध्य

घोटवली धरणाच्या जलाशयाखाली होणारे लहान भूकंप ऑक्टोबरअखेरपर्यंत धरणाच्या भिंतीपासून चौदा किलोमीटरवर होत होते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून ते साडेबारा किलोमीटरवर होऊ लागले. जानेवारीच्या मध्यापासून पावणेअकरा. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून साडेसात.

कार्यकारी अभियंता फडतरे यांनी हा आलेख टेबलावर पसरला आणि पंख्याच्या वाऱ्याने तो उडू नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या: पेपरवेट, स्टेपलर, स्वतःचा चष्मा आणि धरणाच्या काँक्रीटचा मुठीएवढा तुकडा. ठिपक्यांच्या चार पायऱ्या डावीकडून उजवीकडे उतरत त्या तुकड्याच्या दिशेने येत होत्या.

"पाचवी पायरी कुठं पडेल?" त्यांनी विचारले.

"मी भूकंपशास्त्रज्ञ नाही," मी म्हणाले.

"ते ठाऊक आहे, मॅडम. भूकंपवाल्यांचं पत्र आलंय. आकडे खरे असतील तर खालचं गाव हलवा आणि जलाशय उतरवा, असं म्हणतात ते. 'असतील तर.' आता आकडे खरे आहेत का, हे ज्यांच्या प्रोग्रामनं काढले त्यांनी सांगायचं. शनिवारी अकराला कलेक्टर कचेरीत बैठक आहे. मला तुमच्या सहीचा एक कागद पाहिजे. हो लिहा नाहीतर नाही लिहा. 'अधिक अभ्यासाची गरज' तेवढं लिहू नका, ते मला स्वतःला लिहिता येतं."

तो बुधवार होता.

या गोष्टीला आता बारा वर्षे झाली. मी तेव्हा पुण्यात मोजमापाच्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहीत असे. घोटवलीच्या वेधशाळेतला, सुईने भूकंपाची रेघ काढणारा कागदी ड्रम निकालात निघाला, तेव्हा भूकंपाच्या नोंदी पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम आमच्याकडून घेतला गेला. तो ज्या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, उभा होता तिच्यावरही मी फावल्या वेळात विनामूल्य काम करीत असे. खिडक्या, बटणे, माउसचा बाण या गोष्टी निरनिराळ्या संगणकप्रणालींत निरनिराळ्या रीतीने कराव्या लागतात. प्रोग्राम एकदाच लिहावा आणि तो तिन्ही प्रमुख प्रणालींवर सारखा चालावा, याची व्यवस्था ही लायब्ररी करी. जगभरचे चाळीसएक लोक तिची कामे वाटून घेत. माझ्याकडे माउसच्या कर्सरचा भाग होता. सगळ्यांत किरकोळ काम म्हणून तो माझ्याकडे आला होता आणि किरकोळ म्हणूनच मी तो घेतला होता.

अंतर काढण्याची पद्धत साधी आहे. भूकंपातून दोन लहरी निघतात. पहिली, पी, वेगाने पोहोचते. दुसरी, एस, मागाहून येते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजून वीज किती लांब पडली हे जसे सांगता येते, तसेच इथे. दोन लहरींमधला एक सेकंद म्हणजे सुमारे आठ किलोमीटर. पूर्वी घोटवलीला तीन केंद्रे होती. रस्तारुंदीकरणात एकाची केबल तुटली होती आणि दुसऱ्याचे सौरफलक कोणीतरी काढून नेले होते. उरले होते ते धरणाच्या पोटातल्या बोगद्यात बसवलेले एकच यंत्र. ते दिशा सांगू शकत नव्हते, फक्त अंतर सांगत होते. अंतर कमी होत होते.

मी आलेख गुंडाळत असताना दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, काठापदराचे लुगडे, हातात मोबाइल.

"ह्याच का त्या?" त्यांनी फडतऱ्यांना विचारले आणि उत्तराची वाट न पाहता माझ्याकडे वळल्या. "मी मंदाकिनी शेलार. पाथरोशीची सरपंच. मला एकच सांगा बाई. खालनं चालत येतंय म्हणतात, ते खरं का?"

"काय चालत येतंय?"

"ते तुम्ही सांगायचं. आमची सतरा घरं उठून गेली. शेवटचा गेला त्यानं देवाऱ्यातले देव फडक्यात बांधून नेले. भांडीकुंडी नेणारा माणूस परत येतो बाई, देव नेणारा येत नाही."

"ताई, शनिवारी ठरेल," फडतरे म्हणाले.

"शनिवारी तुमचं ठरेल. आमचं काय ठरायचंय? धरण बांधलं तेव्हा वरनं उठवून खाली बसवलं. आमची जमीन पाण्यात आणि आम्ही पाण्याखाली. आता म्हणता हितनंबी उठा. उठतो. दोनशे चौदा घरं हायत. पर ह्या वेळी खोटं निघालं तर तिसऱ्यांदा माझं कुणी ऐकणार नाही, आणि तेव्हा नेमकं खरं असलं म्हणजे?"

फडतऱ्यांनी काँक्रीटचा तुकडा उचलून खणात ठेवला. ताईंचा प्रश्न बरोबर होता, हे मला त्याच क्षणी कळले.

वेधशाळा म्हणजे धरणाच्या डाव्या टोकाला असलेली एक लांबट खोली. खिडक्यांना हिरवे पडदे, आत अंधार. तिथे ज्ञानदेव चाळके एकतीस वर्षे निरीक्षक होते. निवृत्तीनंतर दर वर्षी मुदतवाढ घेऊन ते तिथेच राहिले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी दारात पाऊल टाकले तेव्हा ते पाठमोरे होते.

"चपला घाला आत, बाई. फरशी तापलीय," ते म्हणाले.

"बाई आहे हे कसं कळलं?"

"फडतरे साहेब पाय घासत चालतो. तुम्ही टाच आपटता. एकतीस वर्षं पावलंच ऐकली. आधी जमिनीची, मग वरच्यांची."

त्यांनी मला चहा दिला. किटलीतून ओतताना त्यांनी तर्जनीचे पेर कपाच्या काठाच्या आत धरले होते आणि चहा बोटाला लागताच हात थांबवला. मला ती गावाकडची सवय वाटली.

नोंदींची एक मोठी वही होती. तारीख, वेळ, पी, एस, अंतर, आणि शेवटचा रकाना 'कारण'. भूकंपाचे कारण लिहिले जात नसे. पण यंत्र इतरही पुष्कळ गोष्टींनी हलते, त्या प्रत्येकापुढे अण्णांच्या अक्षरात कारण होते: सुरुंग, म्हशी, ट्रक, विसर्ग.

"'अज्ञात' कुठेच नाही," मी म्हणाले.

"अज्ञात हे कारण नसतं. एकदा रोज सकाळी पाच दहाला सुई हलायची. अकरा दिवस रकाना कोरा ठेवला. बाराव्या दिवशी कळलं, विश्रामगृहाचा खानसामा पाटा-वरवंटा जमिनीत पुरलेल्या पाइपावर टेकवून वाटण वाटायचा. मग अकराही ठिकाणी लिहिलं. वाटण." ते हसले नाहीत. "साहेब मात्र थोर होता तेव्हाचा. म्हणाला, चाळके, आज काय भाजी आहे तेवढं पण लिहा."

ते नोंदी कशा वाचतात हे मी विचारले. प्रत्येक निरीक्षकाची एक रीत असते. अण्णांची रीत त्यांना त्यांच्या वरिष्ठाने ड्रमच्या कागदावर शिकवली होती.

"पी भिंगातून, एस हातभर लांबून. पी टोकदार असतो, तो जवळून बघायचा. एस पीच्या शेपटीत लपलेला असतो. जवळ गेलात तर शेपूटच दिसते. दोन पावलं मागं सरायचं, मग रेघेची जात बदललेली दिसते. तिथं एस."

पडद्यावरही ते तेच करीत. पीसाठी नोंद वीसपट मोठी करून तिच्यावर फुलीचा कर्सर नेत आणि दाबत. मग नोंद पुन्हा पूर्ण रूपात, तीस सेकंद एका पडद्यावर, आणि त्यात एस. एस दाबताच ती नोंद मिटे आणि पुढची उघडे. काम करताना त्यांचे डोके पडद्याच्या इतके जवळ जाई की मला पडदा दिसत नसे. फुली मोठी आहे हे पहिल्याच दिवशी माझ्या ध्यानात आले होते. वयस्कर माणसे अक्षरे मोठी करून घेतात. मी त्याची नोंद केली नाही.

गुरुवारी मी यंत्राचे घड्याळ उपग्रहाच्या वेळेशी ताडून पाहिले. बरोबर होते. लहरींचा वेग, गुणाकार, पडद्यावरच्या अंतराचे सेकंदांत रूपांतर, सगळे बरोबर होते. अण्णांनी लावलेल्या वेळा घेऊन कागदावर हिशेब केला तरी साडेसातच येत. मग मी स्वतःच्या लॅपटॉपवर पाच नोंदी उघडून स्वतः एस शोधून पाहिला. माझे पाच एस पाच ठिकाणी पडले, एकमेकांपासून अर्धा सेकंद इकडेतिकडे. ते आकडे मी खोडून टाकले, कारण मला ती विद्या येत नव्हती. त्यांची सरासरी काढली असती तर ती चौदाच्या आसपास आली असती. ती मी नंतर काढून पाहिली.

"अण्णांच्या एसवर शंका घेणारा अजून जन्मायचाय," संध्याकाळी फडतरे फोनवर म्हणाले. "मोठ्या संस्थेतले लोक यांच्याकडं शिकायला येऊन गेलेत. तुमचं यंत्र बरोबर, अण्णा बरोबर. मग मॅडम, उरलं काय?"

उरले होते ते खडकाचे सरकणे. फोन ठेवल्यावर मी शनिवारचा कागद टाइप केला. 'प्रोग्राममध्ये दोष आढळला नाही.' वाक्य खरे होते. सही मी शुक्रवारी सायंकाळपर्यंत लांबवली, त्याला काही कारण नव्हते.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला अण्णा आणि मी वेधशाळेबाहेरच्या कट्ट्यावर बसलो होतो. खाली पाथरोशीची पत्र्याची छपरे उन्हात चकाकत होती. एका घरासमोर टेंपो उभा होता.

"अठरावं," अण्णा म्हणाले.

"टेंपो दिसतो तुम्हाला इतक्या लांबून?"

"ऐकू येतो. चढाला पहिला गिअर टाकला त्यानं."

आणि तेवढ्यात खालून ठोका आला. धक्का म्हणावा असा नव्हे. कट्ट्याखालून कोणी मोगरीने एकदाच मारावे तसा. झाडावरचे कावळे उठले. अण्णांचा उजवा अंगठा त्याच हाताच्या बोटांच्या पेरांवरून धावू लागला, न दिसावा इतक्या वेगाने. मग जमीन आडवी हलली. कपबशा थरथरल्या. खिडकीच्या काचा वाजल्या आणि वाजायच्या थांबल्या. अंगठा एका पेरावर थांबलेला होता.

"सात," अण्णा म्हणाले. "सात पेरं. सेकंदाला चार पेरं. पावणेदोन सेकंद. चौदा किलोमीटर." मग स्वतःशीच, "जुनीच जागा."

खाली गावातून ओरडण्याचा आवाज आला. टेंपो सुरू झाला आणि निघाला. त्याच्यामागे माणसे धावत होती.

अण्णा आत गेले. मी मागून गेले. त्यांनी ताजी नोंद उघडली, पी मोठा करून लावला, नोंद पूर्ण केली, पडद्याला नाक टेकवून एस शोधला, दाबला. पडद्यावर आकडा आला: सात पूर्णांक सहा.

"अण्णा, तुम्ही आत्ता चौदा म्हणालात."

"ते बोटांचं."

"बोटं चुकतात?"

"एकतीस वर्षांत एखाद्या पेराची चूक. दोन किलोमीटर."

"इथे साडेसहाचा फरक आहे."

"मशीन म्हणेल ते खरं, बाई. मशीनच्या मागं तुम्ही आहात. बोटांच्या मागं काय, मीच."

आधीच्या भूकंपांना बोटे काय म्हणाली होती, असे मी विचारले. हे सगळे धक्के जाणवण्याइतके मोठे नसतात. नोव्हेंबरपासून पाच जाणवले होते.

"चौदा. पाचही वेळा," अण्णा म्हणाले. "मला वाटलं, माझीच बोटं जुन्या जागी अडकली. म्हातारा माणूस जुनंच मोजतो."

"कुणाला सांगितलंत?"

"मशीनविरुद्ध बोटं? साहेब हसला असता."

मी त्यांना खुर्चीतून उठायला सांगितले. एकतीस वर्षांत हे त्यांना बहुधा कोणी सांगितले नव्हते. ते उठले. मी बसले.

मला एस ओळखता येत नव्हता, तेव्हा जिथे एस ओळखण्याची गरज नाही असा प्रयोग करायला हवा होता. नोंदीच्या खाली काळाची पट्टी होती. तीस सेकंद, दर सेकंदाला एक बारीक रेघ. मी फुलीचा मध्य दहाव्या सेकंदाच्या रेघेवर नेमका ठेवला आणि दाबले. प्रोग्रामने लिहिले: नऊ पूर्णांक दोन. वीसच्या रेघेवर दाबले. एकोणीस पूर्णांक दोन. पंचवीसवर. चोवीस पूर्णांक दोन.

प्रत्येक वेळी आठ दशांश सेकंद डावीकडे. पडद्यावर बत्तीस ठिपके, म्हणजे पिक्सेल. जवळजवळ साडेसहा किलोमीटर.

मोठ्या केलेल्या रूपात, पीच्या वेळी, तेच बत्तीस ठिपके वीसपट लहान पडत होते, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पी जागेवर राहत होता. एस त्याच्याकडे सरकत होता. पी भिंगातून, एस हातभर लांबून. दोन्ही एकाच रूपात लावणाऱ्या कोणाही निरीक्षकाकडून हे घडले नसते, कारण दोन्ही सारखेच सरकले असते आणि अंतर तेच आले असते.

मी फुलीकडे पाहिले. ती नेहमीच्या तिप्पट होती.

"अण्णा, ही फुली एवढी मोठी कधी केलीत?"

त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला, ओढलेलाच होता तो.

"एकदाच केलीत की हळूहळू?"

"तुम्हाला प्रोग्राम तपासायला बोलावलंय."

"तोच तपासतेय."

"दिवाळीला एकदा," ते भिंतीकडे पाहत म्हणाले. "दीडपट. मग संक्रांतीला दुप्पट. होळीच्या दिवशी तिप्पट. त्यापुढं मशीन मोठी करू देत नाही. केली असती."

आलेख काढून पाहण्याची गरज नव्हती. तरी मी काढला. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, जानेवारीचा मध्य, मार्चचा तिसरा आठवडा. दीडपटीला दीड किलोमीटर आणि वर थोडे, दुप्पटीला सव्वातीन, तिप्पटीला साडेसहा. जमिनीखालून कोणी चालत येत नव्हते. अंधाऱ्या खोलीत एक माणूस सहा महिने पडद्याच्या जवळ जवळ जात होता.

"किती दिसतं तुम्हाला?" मी विचारले.

"समोरचं दिसतं. कडेचं गेलं. काचबिंदू. साताऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलं ते येत नाही, उरलं ते जपा." ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. "तीस जूनला मुदतवाढ आहे. डोळ्यांचा दाखला मागतात. बाई, मला एस दिसतो. शपथ घेऊन सांगतो. रेघेची जात मला आंधळा झालो तरी ओळखता येईल. फक्त फुली सापडत नव्हती. फुली कुठं गेली ते शोधण्यात दिवस जायचा."

"तुमचे एस बरोबर आहेत."

"मग?"

"फुली चूक आहे. ती चूक तुमची नाही."

त्यांनी हळूच श्वास सोडला. मग विचारले, "लिहावं लागेल का?"

"फुली मोठी केली होती हे लिहावं लागेल."

"का केली, ते?"

त्या क्षणी माझ्यासमोर दोन वाक्ये तयार होती आणि दोन्ही निर्दोष होती. 'कर्सरच्या चित्रणातील त्रुटीमुळे' असे लिहिले तर अण्णांचे डोळे कोणाला कळणार नव्हते. 'वापरकर्त्याने प्रणालीतील मांडणी बदलल्यामुळे' असे लिहिले तर मी कोणाला कळणार नव्हते. मी दुसऱ्या वाक्याचा विचार किती वेळ केला हे मला आठवते. सांगण्याइतका कमी नव्हता.

फोन वाजला. फडतरे. त्यांच्या आवाजामागे गलका होता.

"आत्ताचा किती, मॅडम? गाव रस्त्यावर आलंय. ताई इथं माझ्यासमोर उभ्या आहेत."

"चौदा," मी म्हणाले.

"साडेसात ना?"

"चौदा. सहा महिने सगळे चौदावरच आहेत. एकही सरकलेला नाही. मोजण्यात चूक होती. ती सापडली आहे, पुन्हा करून दाखवते. नोंदी जशाच्या तशा आहेत. अण्णांनी मूळ फुलीने पुन्हा लावल्या की सगळे आकडे जागेवर येतील."

पलीकडे बोलणे झाले. मग फोनवर मंदाकिनी शेलार आल्या.

"म्हंजे धोका नाही?"

"तसं मी म्हणाले नाही, ताई. भूकंप जिथे होते तिथेच आहेत, एवढंच म्हणाले. धरणाला त्यांचा धोका आहे की नाही, हे मला माहीत नाही."

"हे बरं आहे," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांत पहिलं माणूस भेटलं, मला माहीत नाही म्हणणारं. टेंपो परत बोलावते मी. पर बाई, ही चूक कुणाची, ते गावाला सांगावं लागंल मला. लोक विचारतील. बिनकारणाचं कुणी घरी परत येत नाही."

"कागदावर येईल," मी म्हणाले.

मी फोन ठेवला तेव्हा अण्णांनी वही उघडलेली होती. खणातून भिंग काढून ते पानावर वाकले होते. ऑक्टोबरनंतरच्या पहिल्या पानापासून भूकंपाच्या प्रत्येक नोंदीपुढे 'कारण' हा रकाना कोरा होता. त्यांनी त्यात लिहायला सुरुवात केली. अक्षर ओळ सोडून खाली उतरत होते. मी खांद्यावरून वाचले: 'अंतर चूक. निरीक्षकाची दृष्टी अधू, कर्सर मोठा केला. ज्ञा. चा.'

"अण्णा, एवढं लिहायची गरज नव्हती."

"अर्धं कारण म्हणजे अज्ञातच, बाई." त्यांनी पान उलटले. "वाटणासारखंच आहे हे. कुणीतरी वाटत असतं, सुई हलते. आता तुमचं अर्धं लिहा. मला ते समजत नाही."

त्यांची मुदतवाढ झाली नाही. पाथरोशीचे अठरा उंबरे परत आले, देव नेणाराही आला. भूकंप अजून चौदा किलोमीटरवर होतात आणि गाव अजून धरणाखाली आहे.

माझे अर्धे मी त्याच दुपारी शोधले. लॅपटॉपवर लायब्ररीचा कर्सरचा भाग उघडला. दोष सापडायला अकरा मिनिटे लागली. त्यानंतर मला तक्रारींच्या यादीत एक जुनी तक्रार सापडली. सतरा महिन्यांपूर्वी दूरदेशच्या एका अनोळखी माणसाने कळवले होते की आपल्याला कमी दिसते, आपण कर्सर मोठा केला आहे आणि चित्र काढताना रेघ डावीकडे पडते. खाली शेरा होता: 'माझ्याकडे असे होत नाही. तक्रार बंद.' शेऱ्याखाली माझे नाव होते. कारणाचा रकाना मी भरला नव्हता.

शनिवारच्या बैठकीत दिलेल्या कागदावरचा शेवटचा परिच्छेद असा होता:

'कर्सर हे एक चित्र असते आणि त्यातला एकच बिंदू खरा असतो. माउस तिथे आहे असे संगणक मानतो. फुलीत तो मध्यावर असतो. वापरणाऱ्याने कर्सर मोठा केला की चित्राची रुंदी, उंची आणि त्या बिंदूचे दोन आकडे, अशा चार संख्या सारख्या पटीने वाढवाव्या लागतात. अन्य दोन प्रणाली हे स्वतः करतात. वेधशाळेत असलेल्या प्रणालीवर ते लायब्ररीला करावे लागते. लायब्ररीत रुंदी आणि उंची वाढवली गेली, बिंदूचे आकडे वाढवले गेले नाहीत. त्यामुळे तिप्पट फुलीचा खरा बिंदू तिच्या दिसणाऱ्या मध्यापासून बत्तीस ठिपके डावीकडे राहिला. हा भाग मी लिहिला. त्याची चाचणीही मी घेतली आणि ती उत्तीर्ण झाली, कारण चाचणीसाठी मी बाण वापरला. बाणाचा खरा बिंदू त्याच्या टोकावर, म्हणजे शून्य-शून्यावर असतो. शून्याची तिप्पट शून्यच येते.'